मुंबईतून रिटायर होऊन आलेले फ्रीज

आमच्या मालवणाकडे फ्रीज दुकानातून कमी आणि मुंबईहून जास्त आलेत असं मला नेहमी वाटतं. चाकरमान्याने तिकडे नवीन घेतला की जुना गणपतीच्या आधी टेम्पोत टाकून गावाला, मग तो माजघराच्या कोपऱ्यात, आणि घर वर्षभर बंद म्हणून तोही बंद. मी हेच फ्रीज गोळा करतो. सध्या सहा आहेत, चार चालतात, सगळे मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात. सहावा उतरवताना आई म्हणाली, "ह्यो आनी खंय ठेवतलंस रे, माझ्या डोक्यार?"

सगळ्यात लाडका म्हणजे खटक्याच्या हँडलवाला जुना गोदरेज. कंपनीने फ्रीज बनवायला सुरुवात केली १९५८ ला, माझा तेवढा जुना नाही, पण दार लावलं की जो खट्ट आवाज येतो ना, आहाहा. फक्त तो खटका आतून उघडत नाही. अमेरिकेत मुलं आत अडकून मेली म्हणून १९५६ ला कायदाच करावा लागला की दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे. आता सगळीकडे चुंबकाचं गास्केट असतं. माझ्याकडे भाच्या-पुतण्यांची फौज येते मे महिन्यात, म्हणून मी खटका काढून डब्यात ठेवलाय, कोणी बघायला आलं की लावून दाखवतो.

आता बांधणीचं. पत्रा जाड, हे खरंच, चार माणसं लागतात उचलायला. पण आमच्याकडे खारा वारा जाड पत्र्यालाही सोडत नाही, खालचे पाय आणि तळ खाऊन टाकतो. मला विचाराल तर खरा फरक पाठीमागे आहे. जुन्याची काळी जाळी, म्हणजे गॅसची नळी, उघडी, भिंतीकडे तोंड करून. गळती झाली तर मेकॅनिक साबणाचं पाणी लावतो, बुडबुडा दिसला की तिथेच ब्रेझिंग मारतो, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवतो. नवीन बऱ्याच फ्रीजमध्ये तीच नळी बाजूच्या पत्र्याच्या आत, फोममध्ये पुरलेली. दिसायला गुळगुळीत, पण आत गळायला लागली की फोम फोडणार कोण? आमचा स्वतःचा घरातला नवीन फ्रीज असाच गेला, मेकॅनिक हात लावून म्हणाला इनर लीकेज, सोडून द्या.

तरी "जुनं ते दणकट" म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. जे तकलादू होते ते कधीच भंगारात गेले, आपल्याला दिसतात ते वाचलेले. आणि जुन्यांच्या भिंतीत थंडावा टिकवायला ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर असायची, ती आपल्या दमट हवेत पाणी पिऊन बसते, मग पावसाळ्यात फ्रीज बाहेरून घामाघूम, कॉम्प्रेसर बंद व्हायचं नाव घेत नाही. नवीन पफवाला, म्हणजे फोम भरलेला फ्रीज विजेच्या बाबतीत सरळ जिंकतो. म्हणून चारही मी एकदम लावत नाही, बिल भरायचं तर मलाच आहे.

गॅसची कटकट वेगळीच. जुन्या फ्रीजमधला थंड करणारा गॅस आर-१२ ओझोनला घातक, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू बंद झाला, आपल्याकडे २०१० पासून. त्याजागी नवा गॅस १३४ए नुसता भरून चालत नाही, जुन्या कॉम्प्रेसरच्या तेलात तो मिसळत नाही. आणि दुसरा नवा गॅस ६००ए पेट घेणारा, जुन्या थर्मोस्टॅटची ठिणगी आतच पडते, मी तर नाही भरणार. त्यामुळे दोन मुके उभे आहेत. एकात आईने तांदूळ ठेवलेत, उंदीर शिरत नाही म्हणे.