सायमन रोडियाचे मनोरे

लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतील मनोऱ्यांबद्दल जितके वाचावे, तितका सायमन रोडियाविषयीचा आदर वाढत जातो. इटलीतून आलेल्या या बांधकाम मजुराने 1921 ते 1954 या काळात, दिवसभराची मजुरी सांभाळून, स्वतःच्या आवारात एकट्याने 17 रचना उभारल्या, आणि त्यांपैकी सर्वांत उंच मनोरा सुमारे 30 मीटरचा आहे. नकाशा नाही, वेल्डिंग नाही, बांधकामाची परांचीही नाही. जवळच्या रेल्वेरुळांच्या आधाराने लोखंडी सळ्या वाकवायच्या, जोडांवर तार आणि जाळी गुंडाळायची, वर सिमेंटचा गिलावा चढवायचा आणि तो ओला असतानाच त्यात फुटक्या फरशा, कपबशांचे तुकडे, रंगीत बाटल्यांच्या काचा आणि शिंपले बसवायचे, अशी त्याची पद्धत होती. खिडक्या पुसणाऱ्या कामगारांचा पट्टा कमरेला बांधून तो वर चढत असे.

1955मध्ये त्याने ती जागा शेजाऱ्याला देऊन टाकली. पुढे नगरप्रशासनाने हे बांधकाम धोकादायक ठरवून पाडण्याचा आदेश काढला, तेव्हा कलाप्रेमी नागरिकांनी चाचणीची मागणी केली. 1959मध्ये सर्वांत उंच मनोऱ्यावर सुमारे साडेचार हजार किलोंचा आडवा ताण दिला गेला. मनोरा ढळला नाही, उलट ताण देणारी यंत्रणाच वाकू लागली. माझ्या मते रोडियाच्या हातांना मिळालेली ही सर्वांत खरी पावती होय. आदेश मागे घेतला गेला, आणि 1990मध्ये हे मनोरे अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक झाले.