तोंडाचं माप

ओठ आतून फाटला की शेंगाचटणी खाता येत नाही. सोलापुरात राहून शेंगाचटणी खायची नाही म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. कडक भाकरी समोर, चटणीवर तेल घातलेलं, आणि मी आपली वाटीत दूधभात कालवत बसलेली. आठ दिवस असे काढले. आईला सांगितलं तोंड आलंय, ऑफिसात सांगितलं दाढ दुखतेय. खरं कारण असं, की बारावीतल्या एका पोरीनं मला ठोसा मारला होता आणि मी वर तिला शाब्बास म्हणाले होते.

मुलाला संध्याकाळी कराटेच्या क्लासला सोडायचं, दीड तास बाहेरच्या कट्ट्यावर बसायचं आणि परत न्यायचं, असं वर्षभर चाललं होतं. एक दिवस सर बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, कट्टा झिजायलाय. आत या की." वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी आत गेले. घरी आईला म्हटलं, मी मार्शल आर्ट्स शिकतेय. १९३० साली इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, तेव्हापासून आमच्या गावात 'मार्शल' या शब्दापुढं 'लॉ'च येतो. आई म्हणाली, "आता परत कशाला?"

शनिवारी कुमिते असते, म्हणजे जोडीजोडीनं लढत. पोरं तिला सरळ 'फाईट' म्हणतात. माझ्यासमोर आली ती पोरगी अशोक चौकाकडची, तेलुगू घरातली, अंगानं काडी. सर सांगत होते ते मी तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते. तिचा हात हनुवटीला नुसता लागला, पण माझेच वरचे दात माझ्याच ओठात शिरले. "अक्का, सॉरी! लई लागलं का?" लागलं होतंच. सरांनी ओठ बघितला आणि एवढंच म्हणाले, "माउथगार्ड घ्या. नसेल तर फाईट बंद." माउथगार्ड म्हणजे दात-ओठ वाचावेत म्हणून वरच्या दातांवर चढवायचं कव्हर.

नवी पेठेतल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर एक डबी ठेवली. आत घोड्याच्या नालासारखी वळलेली निळी पन्हळ. मी साइज विचारली.

"फ्री साइज."

"तोंडाला फ्री साइज?"

"पोरं नेतात की, मॅडम."

इथं माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा टेलर होते. शाळांचे युनिफॉर्म शिवायचे. सोलापूरचं नाव चादरीवर गेलं खरं, पण गणवेशाचं कामही या गावात मोठं, आणि मे महिना उजाडला की आमच्या घरात जेवायला जागा नसायची, सगळीकडे खाकी आणि निळ्या चड्ड्यांचे ढीग. बाबांच्या लेखी कपड्याच्या तीन जाती होत्या: रेडीमेड, ऑल्टर केलेला आणि मापाचा. 'फ्री साइज' ही चौथी जात त्यांनी कधी मान्य केली नाही. त्यांच्या मते ती साइज नसून दुकानदाराची सोय होती. दीडशे रुपये देताना मला ते आठवायला हवं होतं.

तो निळा माउथगार्ड तोंडात राहायचा एकाच अटीवर, की दात घट्ट आवळून धरायचे. जरा जबडा सैल केला की खाली पडलाच. आता दात आवळले की तोंडानं श्वास नाही, आणि दोन मिनिटांच्या लढतीत माझं नाक एकट्यानं पुरत नाही. शिवाय कराटेत ठोसा मारताना ओरडायचं असतं, किआय म्हणून. मी पूर्ण ताकदीनं ओरडले. माउथगार्ड उडून मॅटवर पडला आणि लाळेसकट घरंगळत माझ्या मुलाच्या पायापाशी जाऊन थांबला. मुलानं मान दुसरीकडं फिरवली. ही बाई कोण, आपल्याला ठाऊक नाही, असा चेहरा त्यानं केला. तो चेहरा त्याला एवढ्या लहान वयात इतका छान जमतो हे मला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी मला माझी परीक्षा सापडली. पाणी प्यायला बसले होते तेव्हा नवीन आलेल्या एका पालकानं विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या. मी तोंडात तो नाल धरून म्हणाले, "होलापूल." तेव्हापासून कुठलाही माउथगार्ड घातला की मी आधी गावाचं नाव घेऊन बघते. स, ल, प, र. जीभ, टाळू, ओठ, सगळ्यांची हजेरी या एका शब्दात होते. इतर गावांना ही सोय असेलच असं नाही.

दुसरा आणला तो उकळून घ्यायचा. बहुतेक खेळाडू हाच वापरतात. इथिलीन व्हिनाईल अॅसिटेट म्हणजे इव्हीए नावाच्या पदार्थाचा असतो. चपलेचे हलके तळवेही याच इव्हीएचे, हे मी आईला सांगितलं नाही. गरम पाण्यात तो मऊ होतो, मग वरच्या दातांवर बसवून चावायचा, बोटांनी बाहेरून दाबायचा, आतून जिभेनं रेटायचा आणि गाल आत ओढून शोषायचं, म्हणजे दातांचा ठसा उमटतो. नंतर गार पाण्यात टाकला की तोच आकार पक्का. वेष्टणावर लिहिलं होतं, उकळी आलेल्या पाण्यात तीस सेकंद. मी चहाचं पातेलं चढवलं. तेवढ्यात गॅसवाला आला. त्याला सुट्टे देऊन परत येईपर्यंत पाण्यात तळणीतल्या कुरडईसारखं काहीतरी आक्रसून तरंगत होतं.

"काय करायलीस गं?" आई स्वयंपाकघरात आली.

"माप घेतेय."

आईनं पातेल्यात वाकून बघितलं. "कुणाचं?"

पुढचा नीट जमला. घड्याळ लावून तीस सेकंद, क्षणभर गार पाण्यात, मग तोंडात. पण मागच्या दाढांवरचं टोक जिभेच्या मुळाला टेकायचं आणि उमासे यायचे. असं झालं तर मागून थोडं कापायचं, फक्त पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढं येऊ द्यायचं नाही, हे सरांनी सांगितलं होतं. घरातल्या बारक्या कात्रीनं ते कापेना. म्हणून मी बाबांची कात्री काढली.

बाबांची कात्री म्हणजे पितळी मुठीची, मनगटाला वजन जाणवणारी. बाबा गेल्यापासून ती मशीनच्या ड्रॉवरमध्ये मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली असते. त्या कात्रीनं कागद कापायचा नाही, कागदानं धार जाते, हा आमच्या घरातला कायदा. शाळेत असताना मी एकदा तिनं पतंगाचा कागद कापला होता, तेव्हा बाबा माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. मी मिलिमीटरभर रबर कापलं, नखानं कड घासली, परत घालून बघितलं. उमासा नाही. वर बघते तर दारात आई.

"त्यांच्या कात्रीला रबर लावलंस?"

मी तोंडात माउथगार्ड असतानाच काहीतरी म्हणाले. तिनं ते उत्तर म्हणून धरलं नाही. कात्री माझ्या हातातून घेतली, पदरानं पुसली आणि कापडात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली.

या माउथगार्डनं 'शोलापूर'पर्यंत मजल मारली. इंग्रज आमच्या गावाचं नाव 'शोलापूर' असंच लिहायचे. त्यांच्या वरच्या दातांवर काय बसवलेलं होतं कोण जाणे, पण मला वाटलं, एका साम्राज्याचं याच्यावर भागलं तर माझंही भागेल. चार महिने भागलंही. मुलालाही तसाच घेतला. त्याला लालभडक हवा होता. सर म्हणाले, हौशी बॉक्सिंगमध्ये लाल चालतच नाही, कारण तोंडातून रक्त आलं तर पंचाला दिसायला नको का? मुलानं पांढरा घेतला, पण या कारणानं तो फारच खूश झाला.

मग एप्रिल आला. क्लासवरून थेट बँकेच्या कामाला गेले आणि माउथगार्डची डबी दुपारभर स्कूटरच्या डिकीत राहिली. पारा बेचाळीसच्या वर, डिकीतलं तर विचारूच नका. जे तीस सेकंद मोजून पातेल्यात करायचं, ते सोलापूरच्या उन्हानं फुकटात आणि मोजमाप न ठेवता करून टाकलं होतं. संध्याकाळी घालून बघितला तर एका बाजूला दात, दुसऱ्या बाजूला हवा.

शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. बाबांची तिसरी जात. जरा खर्चाचं काम. दीडशेच्या हिशेबानं बघितलं तर अंगावर येतं, पण तोवर मी तीन माउथगार्ड वाया घालवले होते, त्यामुळे हिशेब मांडायचा अधिकार मला उरला नव्हता.

माप घेताना डॉक्टरांनी पत्र्याच्या ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरला. अल्जिनेट, समुद्रातल्या शेवाळापासून निघतं म्हणे. ट्रे वरच्या दातांवर दाबून ते म्हणाले, नाकानं श्वास घ्या, मान पुढं झुकवा, दोन-तीन मिनिटांत घट्ट होईल. ती दोन-तीन मिनिटं फार लांब असतात. तोंड भरलेल्या माणसाशी दातांचे डॉक्टर मनापासून गप्पा मारतात, तसे हेही मारू लागले. लंडनच्या वुल्फ क्राउझ नावाच्या दंतवैद्यानं १८९० साली मुष्टियोद्ध्यांच्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवल्या, तिथून ही गोष्ट सुरू झाली. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या झाडाचा चीक. समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांना त्याचंच वेष्टण असायचं. "आणि तुमच्या त्या दाढेचं रूट कॅनल केलंय ना, त्यातही आपण गटापर्चाच भरलाय," ते म्हणाले. म्हणजे मुष्टियोद्ध्यांचं जुनं सामान माझ्या तोंडात आधीपासूनच होतं, मी उगाच नवी पेठ पालथी घातली.

पट्ट्यांनंतर त्या क्राउझच्या मुलानं, फिलिपनं, काढता-घालता येणारा माउथगार्ड आणला आणि टेड 'किड' लुईस हा बॉक्सर तो वापरायला लागला. तेव्हा समोरच्यांनी तक्रार केली, की हे नियमात बसत नाही. ओठ न फाटणं हा गैरफायदा! मला त्या तक्रार करणाऱ्यांचा राग आला, पण तोंडात शेवाळ होतं.

ट्रे निघाल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, यानं डोक्याला मार बसत नाही का? डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, दात, ओठ, जीभ, जबडा, एवढ्यासाठी घाला. मेंदूला बसणारा हादरा थांबतो असं मी तुम्हाला सांगणार नाही, त्याची खात्री नाही. मग स्वतःहून म्हणाले, एवढं करूनही पक्का दात मुळासकट बाहेर आलाच, तर मुळाला हात लावू नका, घासू नका, दुधात टाका आणि अर्ध्या तासात इकडे या. क्लासशेजारच्या टपरीवाल्याकडे दूध कितीपर्यंत असतं हे मी आता विचारून ठेवलंय. साडेआठ.

तीन दिवसांनी परत गेले तर टेबलावर माझे दात ठेवलेले. प्लास्टरचा साचा, पांढराफटक. त्याच्यावर इव्हीएचा पत्रा तापवून हवा ओढून चिकटवतात, मग कडा कापतात. आपलेच दात समोर टेबलावर बघणं चमत्कारिक असतं. आरशात ते हसताना दिसतात, इथं नुसते वाट बघत बसले होते. डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक एका पुढच्या दातावर टेकवलं. कडेला बारीक खाच.

"दोरा दातानं तोडता का?"

तोडते. लहानपणापासून. बाबाही तोडायचे. हाताशी ती कात्री असायची, पण टाका संपला की मान वाकवायची आणि कट्. बाबांच्या दाताला तर एवढी खाच होती की हसले की दिसायची. आपल्याकडे बाबांचं काय काय आलं याची यादी मी कधी मनात केली होती, त्यात नाक होतं, राग होता. ही खाच नव्हती.

माउथगार्ड बसला तो बसलाच. जबडा सैल सोडला तरी जागचा हलला नाही. डॉक्टरांनी खालच्या दातांत कार्बनचा कागद धरून चावायला लावलं, एका बाजूचं थोडं घासलं. मी खुर्चीतच म्हणून बघितलं, "सोलापूर." पहिला स जरासा ओला आला, पण स होता. डॉक्टर म्हणाले, हो, मग कुठलं?

सवय व्हावी म्हणून पहिले काही दिवस घरी रोज अर्धा तास घालून बसायचं असतं. साचा मी घरी आणला होता. आईनं तो उचलून खाच असलेल्या दातावर बोट फिरवलं, काही बोलली नाही, आणि लाइट बिलांवर वजन म्हणून ठेवून दिला.

रविवारी तशीच बसले होते, तोंडात माउथगार्ड, मांडीवर मुलाच्या कराटेच्या ड्रेसची पँट. पोरगं उंच झालंय, दुमड सोडून परत शिवायची होती. शेवटचा टाका घातला, गाठ मारली, मान वाकवली आणि दोरा दातात धरून ओढला. तो रबरावरून नुसता सरकला. परत धरला, परत सरकला. समोर आई शेंगा सोलत बसली होती. ती उठली, मशीनचा ड्रॉवर उघडला, कापड सोडलं आणि कात्री मुठीकडून माझ्यापुढं धरली.