तुम्ही विचारलंत म्हणून: कॅपिस्ट्रानोतलं जुनं घर घ्यावं का?

सान हुआन कॅपिस्ट्रानो हे दक्षिण कॅलिफोर्नियातलं 1776 च्या स्पॅनिश मिशनभोवती वाढलेलं गाव. तिथे जुनं घर घ्यावं का, असं आर्वाइनकडचे मराठी लोक हमखास विचारतात.

आधी घर खरंच जुनं आहे का ते बघा. लाल कौलं आणि कमानी नव्या वसाहतींतही असतात. तिथे एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, वर्गणी आणि नियम वाचले की झालं. गावातल्या लोस रिओस या जुन्या भागातली, 1794 पासूनची मातीच्या विटांची घरं मोजकी. विक्रीला आलं, तर बहुधा शंभरेक वर्षांचं लाकडी घर येतं.

घर ऐतिहासिक यादीत आहे का, हे दलालाला नको, नगरपालिकेच्या नियोजन विभागाला विचारा. यादीत असेल तर खिडक्या-छपराला हात लावण्याआधी मंजुरी लागेल. स्वयंपाकघर मागे वाढवायचा बेत असेल, तर असलं घर घेऊच नका.

विकणाऱ्याच्या करपावतीवर भुलू नका. विक्री होताच कर नव्या किमतीवर बसतो: मूळ 1%, वर स्थानिक कर. घरावर मिल्स कायद्याचा (ऐतिहासिक घर जपण्याच्या बदल्यात करसवलत देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा) करार असेल तर मूल्य भाड्याच्या अंदाजावरून काढतात, म्हणून कर बराच उतरतो. पण हा करार किमान 10 वर्षांचा, दरवर्षी आपोआप एक वर्ष पुढे सरकणारा आणि नव्या मालकाच्या गळ्यात पडणारा. देखभालीची अट मोडून तो रद्द झाला, तर बाजारभावाच्या 12.5% दंड.

मातीच्या घरात सगळ्यात आधी भिंतीचा तळ तपासा. कधीतरी कुणीतरी वरून सिमेंटचा गिलावा मारलेला असतो. मातीतली ओल मग बाहेर पडत नाही, तळच्या विटा मऊ होऊन खचतात आणि बाहेरून भिंत ठणठणीत दिसते. ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर थोडा गिलावा काढून बघायची परवानगी मागा. उपाय म्हणजे चुन्याचा गिलावा आणि पाणी भिंतीपासून लांब नेणारा जमिनीचा उतार. भिंतीला लागून फुलझाडं आणि स्प्रिंकलर मुळीच नकोत.

लाकडी घरात रांगत जमिनीखाली शिरणारा तपासनीस हवा: सांगाडा पायाला बोल्टने जखडलाय का, जुनी चिनी मातीच्या खुंट्यांवरची वायरिंग उरलीय का, हे तिथेच कळतं. सांडपाण्याच्या नळातून कॅमेरा फिरवून घ्या. जुन्या मातीच्या नळांत झाडांची मुळं शिरतात.

डिसेंबर 1812 च्या भूकंपात मिशनचं दगडी चर्च कोसळून सुमारे 40 माणसं दगावली. घराच्या नेहमीच्या विम्यात भूकंप आणि पूर दोन्ही येत नाहीत. भूकंपविम्यात आधीचा वाटा तुमचा: 8 लाख डॉलरच्या विम्यावर 15% म्हणजे 1 लाख 20 हजार खिशातून. म्हणून विम्याचे दर तपासणीची मुदत, म्हणजे घर तपासून व्यवहारातून मागे फिरता येतं तो काळ, संपायच्या आत मागवा. करारात ती सहसा 17 दिवसांची असते, आणि जुन्या वायरिंगला नकार देणारे विमेवाले त्याच वेळी कळतात.

खोदकाम काढाल तर एवढं ध्यानात असू द्या: ही अहाशेमेन या इथल्या मूळनिवासी लोकांची जुनी भूमी. मानवी अवशेष लागले तर तिथलं काम थांबवून काउंटीच्या कोरोनरला (मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. ठेकेदाराच्या करारात अशा थांबलेल्या दिवसांचा खर्च कोणाचा, ते आधीच लिहून घ्या.