अनुराधपूर: स्तूपांइतकेच तलावही बघा

श्रीलंकेत बरेच जण सिगिरियाहून सकाळी अनुराधपूरला येतात, तीन-चार स्तूप उरकतात आणि संध्याकाळी परत फिरतात. तसं करू नका, एक मुक्काम टाकाच. इ.स.पू. चौथ्या शतकापासून अकराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, मधले थोडे खंड सोडले तर, सिंहली राजांची राजधानी इथे होती. एवढ्या कोरड्या मुलखात ती टिकली ती साठवलेल्या पाण्यावर.

धातुसेन राजाने पाचव्या शतकात कालावेवा तलाव बांधला. त्याचं पाणी सुमारे ८७ किलोमीटरच्या कालव्याने शहरातल्या तिस्सावेवा तलावात यायचं. सुरुवातीच्या टप्प्यात कालव्याचा उतार मैलाला जेमतेम सहा इंच! पुढे मुलाने, काश्यपाने, त्याला कैद करून खजिना कुठंय विचारलं, तेव्हा म्हाताऱ्याने कालावेव्याच्या पाण्याकडे बोट दाखवलं, अशी कथा आहे. बापाला मारून सिगिरियाचा किल्ला उभारणारा तो हाच काश्यप. म्हणून सिगिरिया आधी बघितलं असेल तर उत्तमच. संध्याकाळी तिस्सावेव्याच्या बांधावर बसा.

आता स्तूप. रुवनवेलीसाय पांढराशुभ्र, कायम गजबजलेला. मला जेतवन जास्त आवडला. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस महासेनाने सुरू केलेला हा विटांचा डोंगर मुळात १२० मीटरच्या आसपास उंच होता. महाविहार या जुन्या मठाच्या भिक्खूंशी राजाचं बिनसलं होतं, आणि हा त्यांच्याच जागेवर उठवला. म्हणजे भक्तीइतकंच भांडणही त्यात आहे! अभयगिरी मठात पाचव्या शतकात चिनी भिक्खू फाहियान राहून गेला. तिथलं जोड-कुंड, कुट्टम पोकुण, चुकवू नका: पाणी आधी गाळ बसवणाऱ्या छोट्या टाक्यांतून येतं.

महाबोधीला (अशोककन्या संघमित्रेने आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा वृक्ष) पहाटे जा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, शक्यतो पांढरे कपडे. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते, तेव्हा पायमोजे ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे तो अपमान समजतात. फिरायला भाड्याची सायकल बरी. अंतरं मोठी आहेत, रस्ते सपाट. पासपोर्ट जवळ असू द्या, तिकिटावर सार्क देशांसाठी सवलत आहे का ते विचारा.

जवळच्या मिहिंतले टेकडीवर उन्हाच्या आत चढा, १८४० पायऱ्या आहेत. जूनमधल्या पोसोन पौर्णिमेला (लंकेत बौद्ध धर्म आल्याचा सण) जायचं असेल तर खोली फार आधी ठरवा. गर्दी नको असेल तर तो आठवडाच टाळा.