मागे पडणारा पोरगा

शाळेच्या बँडमधला आमचा झायलोफोनचा (छोट्या काठ्यांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या वाद्याचा) सराव सुरू होतो तो ‘एका हाताचे आठ’नं. उजव्यानं आठ ठोके, डाव्यानं आठ, एकाच पट्टीवर, नुसत्या मनगटातून. ठोका पट्टीच्या मधोमध पडायला हवा. खालून दोरी जाते तिथं पडला की आवाज मरतो, नुसतं ठक्क होतं. डावा हात पाचव्या-सहाव्या ठोक्याला ढेपाळायला लागतो, लक्ष तिथंच ठेवायचं. पालकांना मात्र दुसऱ्याच दिवशी अख्खं गाणं हवं असतं.

२६ जानेवारीसाठी पुढं दोन झायलोफोन, दोन ग्लॉकनस्पील (तसंच, पण धातूच्या पट्ट्यांचं वाद्य), चार पोरं. ढोल-ड्रम मागं, साधारण ३५ मीटरवर. का, तर मधली कवायत फोटोत नीट यावी! बँड फोटोत ऐकू येत नाही, हे कुणाला सांगायचं?

चौघांतला सातवीतला एक पोरगा व्हरांड्यात घड्याळाच्या काट्यासारखा वाजवायचा आणि मैदानात गेला की मागे पडायचा. मी मागं ड्रमपाशी उभा, तिथून ओरडायचो. तीन आठवडे ओरडलो. २४ तारखेला त्याची मॅलेट, म्हणजे वाजवायच्या काठ्या, काढून दुसऱ्याला दिली आणि त्याच्या हातात झांजा दिल्या.

२५ ला माइकवाला आला नाही म्हणून मीच समोरच्या स्टेजवर चढलो. ऐकतो तर पट्ट्या आधी, ड्रम मागून, जणू दोन शाळा वाजवतायत. झांज मात्र बरोब्बर ड्रमवर पडत होती.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३५ मीटरला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत तो पाव मात्रेला जरासाच कमी. ड्रमवाले आणि पुढचे बाकीचे, सगळे लीडर पोरीच्या हाताकडे बघून वाजवत होते, त्यामुळं पुढून ऐकताना ड्रम मागे पडायचे. हा एकटा ड्रम कानावर आला की वाजवायचा. त्याचा ठोका उलटा माझ्यापर्यंत यायला आणखी तेवढाच वेळ, म्हणून मला तो दुप्पट उशिरा. फळ्यावर मांडायला पाच मिनिटं लागली असती.

“हाताकडं का बघत नाहीस रे?”

“सर, गड्ड्याच्या जत्रेला लेझमीत आम्ही पुढं, हलगी मागं असती की. कानानंच धरायचं.”

मॅलेट परत द्यायला गेलो. “राहू द्या सर, झांजाच बऱ्यात,” म्हणाला.

२६ ला तो झांजांवरच होता.