टेम्परिंगच्या भट्टीत मटणाची हाडं

कोल्हापुरात मटणाची हाडं मिळवायला काही कष्ट पडत नाहीत. पांढऱ्या रश्शासाठी उकळून उकळून सत्त्व काढून घेतलेली हाडं खानावळवाल्याने पिशवीभर दिली आणि वर विचारलं, "सर, कुत्रं पाळलंय काय?"

मी रसायनशास्त्र शिकवतो. एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी, पाण्यातलं फ्लोराइड काढायला, या हाडांचा कोळसा करायचा होता. पोरगी यवतमाळ जिल्ह्यातली. आमच्याकडे पाण्याची बोंब म्हणजे पंचगंगेत मिसळणारं सांडपाणी. फ्लोराइड आमच्या गावीही नाही. तिच्या घरच्या बोअरचं पाणी मात्र दिसायला नितळ आणि लिटरमागे फ्लोराइड 3 मिलिग्रॅमच्या वर. मानकाप्रमाणे ते 1 पर्यंत हवं. दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आहे, पण रोज मापाने घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, तो टाकायचा... घरोघरी हे किती दिवस चालणार? हाडाच्या कोळशातून पाणी नुसतं झिरपवायचं. हाडातलं अपॅटाइट हे खनिज स्वतःचं हायड्रॉक्सिल सोडतं आणि त्याच्या जागी फ्लोराइड धरून ठेवतं. तिच्या आजीच्या हाडांनीही आयुष्यभर तेच केलं, म्हणून आज तिला मांडी घालून बसता येत नाही.

हाडं सोड्याच्या पाण्यात उकळून चरबी काढली, कडक उन्हात वाळवली. भाजायला 500 अंशांच्या आसपास उष्णता हवी आणि हवा जवळजवळ बंद. कॉलेजात एवढा वास काढला असता तर विभाग रिकामा झाला असता. म्हणून उद्यमनगरातल्या ओळखीच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे गेलो. लोखंडी पेटी, झाकणाच्या कडेला फायरक्लेचा लेप, टेम्परिंगची, म्हणजे पोलादाचा ठिसूळपणा घालवायची भट्टी.

पेटी उघडली तो गुरुवार. मिस्त्री दत्ताचे भक्त. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "गुरुवारी मटान बघायची येळ आली की वो सर!" आणि स्वतःच झाकण उचललं. आत तीन रंग. एका कोपऱ्यातली हाडं खडूसारखी पांढरी, मधली काळीशार, आणि तळाशी गच्च बसलेली मोठी नळी फोडली तर आतून तपकिरी. मिस्त्रींनी झाकणाच्या कडेवर बोट फिरवलं. "हितनं हवा शिरल्या. आनि खाली ऊब पोचली न्हाई." रसायनशास्त्राचं एक अक्षर न शिकता निदान पक्कं!

मला तर घबाड सापडलं. तिन्ही रंग वेगळे कुटले, रव्याएवढे चाळले, धुऊन तीन नळ्यांत भरले आणि गावचं पाणी सोडलं. तपकिरीतून पिवळट पाणी आलं, त्याला शिळ्या रश्शाचा वास. पांढऱ्यातून स्वच्छ आलं, पण फ्लोराइड जेमतेम कमी. जास्त जळालं की कण आक्रसतात आणि पृष्ठभाग मरतो. काळ्यातून आलेल्या पाण्याला ना रंग, ना वास. स्पॅडन्स हे फ्लोराइड तपासायचं रसायन, त्याचा लाल रंग फ्लोराइडने फिका पडतो. इथे तो तसाच लाल राहिला. पण हाडातून फॉस्फेट उतरतं आणि ते या चाचणीत लुडबुड करतं, म्हणून फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर पुन्हा मोजलं. आकडा 1 च्या खाली.

पोरीने तिथूनच घरी फोन लावला, स्पीकरवर. आजी माळकरी. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हाडं कायची?" पोरीने खरं सांगितलं. माझ्या मते सांगायलाच हवं. गपचूप पाजणं ही फसवणूक. "मंग तूच पेजो थे पानी," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता प्रकल्पात चौथी नळी आहे, ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाची, म्हणजे फ्लोराइड धरणाऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दाण्यांची. त्यात हाडं नाहीत. महाग पडते, पण ती आजीसाठी. काळ्या कोळशाचं पाणी प्यायला पोरीचा धाकटा भाऊ तयार आहे. फक्त रस्साही पाठवा म्हणतो.