दोन्ही ‘ऱ्या’ दिसायला सारखेच

मार्च संपायला चार दिवस होते. संध्याकाळी साडेसातला सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या हिशेबनिसांचा फोन आला. वयाने ते माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना काका म्हणते आणि ते मला मॅडम म्हणतात. स्क्रीनवरचा मजकूर त्यांनी सावकाश वाचून दाखवला: “कर्मचाऱ्यांचा_दर हे नाव सापडलं नाही. कर्मचाऱ्यांचा_दर असं म्हणायचं होतं का?” मग जरा थांबून म्हणाले, “मॅडम, मी तेच तर लिहिलंय की.”

त्यांचं खरं होतं. तो संदेश मी लिहिलेला होता.

आधी थोडं आमच्या कामाविषयी. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. व्याजाचे नियम प्रत्येक संस्थेचे वेगळे असतात. मुदत ठेवीचा दर महिन्यांप्रमाणे, ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा, कर्मचाऱ्यांच्या कर्जाला सवलतीचा दर, हप्ता थकला की दंडव्याज. संचालक मंडळाचा ठराव झाला की दर बदलतो, आणि पूर्वी तो प्रत्येक बदल आमच्याकडे यायचा. म्हणून आम्ही एक लहानशी भाषा केली. तिच्यात ‘जर’, ‘तर’, ‘नाहीतर’, ‘संपले’ असे शब्द आहेत आणि नावं देवनागरीत ठेवता येतात. नियम हिशेबनिसांनी स्वतः लिहायचा आणि आमच्या कंपायलरने, म्हणजे नियम संगणकाला समजेल अशा रूपात उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, तो तपासून हिशेबाला जोडायचा. कंपायलर रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला आहे आणि तो मी सांभाळते.

काकांनी व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो पाठवला. ओळ ६ वर दराची व्याख्या, ओळ ४१ वर त्याचा वापर:

कर्मचाऱ्यांचा_दर = ८.५

जर खाते_प्रकार = "कर्मचारी" तर
    व्याजदर = कर्मचाऱ्यांचा_दर
संपले

फोटो मोठा करून मी दोन्ही ओळी अक्षर अक्षर ताडून पाहिल्या. काहीच फरक दिसेना. मग फाइल मागवली आणि बाइट उघडून पाहिले, तेव्हा कळलं. ओळ ४१ वरचा ऱ एकसंध होता, यूनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, त्याचा क्रमांक ०९३१. ओळ ६ वरचा ऱ दोन तुकड्यांचा होता: साधा र, म्हणजे ०९३०, आणि त्याच्यामागे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, ०९३सी. पडद्यावर दोन्ही एकच अक्षर दिसतात. आमच्या कंपायलरला मात्र ती दोन वेगळी नावं वाटली, एक १६ चिन्हांचं आणि दुसरं १७ चिन्हांचं.

काकांनी ओळ ४१ इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप केली होती, अगदी बरोबर. ओळ ६ त्यांनी लिहिलीच नव्हती. ती त्यांच्या जुन्या फाँटातल्या फाइलमधून आमच्याच कन्व्हर्टरने यूनिकोडमध्ये आणलेली होती. चूक आमची, आणि प्रश्न विचारला जात होता त्यांना.

त्या रात्रीपुरता उपाय सोपा होता. “काका, ओळ ६ वरचं नाव कॉपी करून ओळ ४१ वर चिकटवा.” नियम लगेच चालला. मला मात्र झोप लागली नाही. ऱ हे आपलं अक्षर आहे. कर्मचाऱ्यांचा, शेतकऱ्यांचा, व्यापाऱ्यांचा, पगाराऐवजी दुसऱ्याच्या जामिनावर दिलेलं कर्ज, या सगळ्यात तो येतो. मराठी हिशेबाच्या भाषेत ऱ वारंवार येणारच, आणि नेमका तोच आम्ही तपासला नव्हता.

‘असं म्हणायचं होतं का’ ही सूचना कशी तयार होते ते सांगते, कारण दोष तिथेच होता. नाव सापडलं नाही की कंपायलर माहीत असलेल्या नावांमधून सर्वांत जवळचं शोधतो. एका नावाचं दुसरं करायला किती चिन्हं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतील ते मोजायचं. याला लेव्हेनश्टाइन अंतर म्हणतात. अंतर नावाच्या लांबीच्या एक तृतीयांशाच्या आत असलं की सूचना द्यायची, रस्टच्या कंपायलरातही साधारण असाच हिशेब आहे. आमच्या दोन नावांत अंतर २ आलं: एक चिन्ह बदललं, एक वाढलं. गणित चोख होतं. पण जी सूचना वाचून माणसाला फरकच दिसणार नाही ती देऊ नये, एवढी साधी तपासणी त्यात नव्हती.

पहिली दुरुस्ती नावांच्या शोधात केली. यूनिकोडने ही दोन रूपं समान मानलेलीच आहेत. नाव शोधण्याआधी ते एका ठरावीक रूपात आणायचं, त्याला सामान्यीकरण म्हणतात. पायथन ३ ही प्रोग्रॅमिंगची भाषा नावांचं सामान्यीकरण करते. रस्टमध्ये १.५३ पासून, म्हणजे जून २०२१ पासून, देवनागरीसारख्या लिप्यांतली नावं चालतात आणि तीही सामान्यीकरण करूनच ताडली जातात. आम्ही आमचा कंपायलर रस्टमध्ये लिहिला, पण आमच्या भाषेतली नावं ही आमची जबाबदारी होती आणि ती राहून गेली होती. गंमतीची गोष्ट अशी की या रूपात र आणि नुक्ता जुळून ऱ होतो, पण एकसंध ज़ मात्र सुटून ज आणि नुक्ता होतो. म्हणून आपल्या मनाने ‘नेहमी जोडा’ असा नियम लिहू नये. यूनिकोडचे तक्ते वापरावेत.

तेवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या एका संस्थेच्या फाइलमध्ये ‘ऱ्या’चा तिसराच अवतार सापडला: र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, क्रमांक २००डी, आणि मग य. तोही पडद्यावर ऱ्या असाच उमटतो. हे रूप यूनिकोडच्या जुन्या काळापासून चालत आलेलं आहे, पण सामान्यीकरण त्याला हात लावत नाही. त्याच्यासाठी मी हाताने नियम लिहिला: र, हलन्त आणि जोडक या क्रमाने आले तर त्याला ऱ आणि हलन्त समजायचं. मराठी वाचणाऱ्याला हे दोन्ही एकच आहेत, त्यामुळे इथे मला शंका वाटली नाही.

जिथे शंका होती तिथे मी गुपचूप सुधारणा केली नाही. जुन्या फाँटातून आलेल्या मजकुरात ‘ो’ कधीकधी काना आणि मात्रा अशा दोन चिन्हांनी लिहिलेला असतो. यूनिकोड या दोन्हींना समान मानत नाही. इथे आता कंपायलर थांबतो आणि सांगतो: “ओळ १८: या नावातला ‘ो’ काना आणि मात्रा असा दोन चिन्हांत लिहिला गेला आहे. तो पुन्हा टाइप करा.” आणि सूचना छापण्याआधी दोन्ही नावं डोळ्यांना सारखी दिसणार असतील तर आता ‘असं म्हणायचं होतं का’ छापलंच जात नाही. कुठल्या ओळीवर, कुठल्या अक्षरात फरक आहे ते सांगितलं जातं.

त्याच फोटोत आणखी एक गोष्ट दिसत होती, जिच्याकडे काकांनी दुर्लक्ष केलं होतं. चुकीच्या नावाखाली कंपायलर ^ अशा बाणांची रांग छापतो ना, ती नाव संपल्यावरही उजवीकडे लांबवर पसरली होती. मोजले तर ४६ बाण. कारण मी लांबी बाइटमध्ये मोजली होती. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे यूनिकोडचा मजकूर फाइलमध्ये साठवण्याच्या नेहमीच्या रीतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, १५ चिन्हांचे ४५ आणि खालच्या रेघेचा १. चिन्हं मोजली तर १६. वाचणाऱ्याला दिसतात ती अक्षरं क, र्म, चा, ऱ्यां, चा, रेघ, द, र, म्हणजे ८. जोडाक्षर हे एक अक्षर धरावं हा देवनागरीसाठीचा नियम यूनिकोडच्या तुकडे पाडण्याच्या रीतीत १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला.

आठ मोजून आठ बाण काढले तरी ते नेमके खाली येतीलच असं नाही. ‘ऱ्यां’ किती रुंद दिसेल ते फाँट आणि खिडकी ठरवते, माझा कंपायलर नाही. सी भाषेच्या कंपायलरांपैकी क्लँगने बाण दाखवण्याची पद्धत रुळवली, जीसीसीने २०१३ साली ४.८ आवृत्तीत ती आपणहून सुरू केली, आणि रोमन लिपीत ती उत्तम चालते. आमच्या लिपीत ती डगमगते. मी दोन दिवस रुंदीचे तक्ते जुळवत बसले आणि मग बाण काढूनच टाकले. आता चुकीचा भाग ओळीतच कंसात येतो:

ओळ ४१:     व्याजदर = «कर्मचाऱ्यांचा_दर»

कुठल्याही फाँटात, फोटोत किंवा छापील कागदावर हा कंस जागा सोडत नाही. फोनवर वाचून दाखवतानाही सोपं जातं. एवढी वर्षं बाणांची नक्कल का करत होतो, हा प्रश्न मी स्वतःला आधी विचारायला हवा होता.

यानंतर मी आमच्या सगळ्या संदेशांची यादी काढून एकेक वाचत गेले. सर्वांत वाईट होता तो ‘संपले’ विसरल्याचा. एखाद्या ‘जर’ला ‘संपले’ नसेल तर आमचा कंपायलर म्हणायचा, “ओळ ३१२: फाइल अनपेक्षितपणे संपली.” चूक ओळ ५७ वर आणि बोट फाइलच्या टोकाला. पायथनमध्येही पूर्वी कंस बंद करायचा राहिला तर दोष पुढच्याच एखाद्या निर्दोष ओळीवर यायचा. ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० पासून पायथन सरळ सांगतं की अमुक ओळीवर उघडलेला कंस बंद झाला नाही. मी तेच केलं. प्रत्येक ‘जर’ उघडला की त्याची जागा एका चळतीत ठेवायची, ‘संपले’ आलं की वरचा काढायचा, आणि शेवटी जे उरेल त्याची ओळ सांगायची.

पण एकात एक तीन ‘जर’ असतील आणि मधल्याचं ‘संपले’ राहिलं असेल, तर चळतीत उरतो सर्वांत बाहेरचा. कारण आतल्यांनी बाहेरच्याचं ‘संपले’ खाल्लेलं असतं. अशा वेळी मी ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा पाहते. ज्या ‘जर’ची मोकळी जागा त्याला मिळालेल्या ‘संपले’शी जुळत नाही, तोच बहुधा गुन्हेगार. आमच्या भाषेत मोकळ्या जागेला अर्थ नाही, पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते तिच्यातून कळतं. संदेशात मी ‘बहुधा’ हा शब्द ठेवला आहे. कंपायलरला जे खात्रीने माहीत आहे आणि ज्याचा तो अंदाज करतो, ते वाचणाऱ्याला वेगवेगळं कळलं पाहिजे.

एका चुकीतून चाळीस चुका निघण्याचा त्रासही थांबवला. दराची व्याख्या बिघडली तर ते नाव टाकून न देता ‘बिघडलेलं’ म्हणून नोंदवायचं, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक वापरावर गप्प राहायचं. रस्टच्या कंपायलरातही अशीच युक्ती आहे.

शब्दांचं काम मला सर्वांत अवघड गेलं. ‘अनपेक्षित टोकन’ असा आमचा एक संदेश होता, प्रोग्रॅमरांच्या बोलीत टोकन म्हणजे ओळीतला एक सुटा शब्द किंवा चिन्ह. काकांनी एकदा विचारलं होतं, “कुठलं टोकन? काउंटरवरचं?” पतसंस्थेत आणि बँकेत टोकन म्हणजे पैसे काढताना हातात मिळणारा पितळी बिल्ला. चाळीस वर्षं ज्याने तो बिल्ला हाताळला त्याला आम्ही तो शब्द दुसऱ्याच अर्थाने ऐकवत होतो. आता तिथे ‘इथे “तर” हवा होता, “मग” आला आहे’ असं येतं. ‘अवैध’ हा शब्दही सगळीकडून काढला. सहकारात तो शब्द लेखापरीक्षणाच्या अहवालात येतो आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ‘चालत नाही’ म्हटलं की पुरतं.

प्रत्येक संदेश आता चाचण्यांच्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवलेला आहे. बिघडलेला नियम एका फाइलीत, त्यावर कंपायलर नेमकं काय बोलतो ते शेजारच्या फाइलीत. कोणी कंपायलरमध्ये काही बदललं आणि एखाद्या संदेशाचा एक शब्द जरी हलला, तरी तो फरक तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो. या फाइली मी आमच्या हिशेब विभागातल्या ताईंकडून वाचून घेते. त्या प्रोग्रॅमर नाहीत. त्यांना एकदा वाचून कळलं नाही तर संदेश परत माझ्याकडे येतो.

गेल्या आठवड्यात काकांनी नवी फाइल पाठवली. ‘प्रकार:’ लिहायचं तिथे कळफलकावरून ‘प्रकारः’ आलं होतं, म्हणजे अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग. एकसारख्या दिसणाऱ्या चिन्हांच्या यूनिकोडच्या यादीत ही जोडी आहे. आधी वाटलं, नावाच्या शेवटी विसर्ग आला की सरळ अडवावं. पण ‘अंशतः’ हे नाव काकांच्याच जुन्या नियमांत आहे, अंशतः परतफेडीसाठी, आणि ते अगदी बरोबर आहे. म्हणून आता तीन गोष्टी जुळल्या तरच कंपायलर बोलतो: पुढे अपूर्णविराम हवा होता, तो नाही, आणि विसर्ग काढला की उरलेलं नाव ओळखीचं आहे. मग तो म्हणतो, “ओळ ९: «प्रकारः» याच्या शेवटी विसर्ग आहे. इथे अपूर्णविराम हवा.” ही दुरुस्ती मंगळवारी आत गेली. चाचण्यांच्या फोल्डरमध्ये तिच्या शेजारीच ‘अंशतः’चा बरोबर असलेला नियम ठेवला आहे, आणि त्याच्यापुढची अपेक्षित संदेशाची फाइल कोरी आहे.